खात्रीबाईंचा पेनड्राइव्ह

पाणीपुरवठा खात्याच्या प्रशिक्षण वर्गात बाईंचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. बाकी सगळे त्यांना खात्रीबाई म्हणत, तेही तोंडावर. कारण पंप चालवायला शिकवताना सव्वीस वर्षं त्यांनी एकच वाक्य लावून धरलं होतं, "केलं म्हणू नका, खात्री केली म्हणा." घरी सुनेनेही हे नाव उचललं होतं. गॅस बंद केला की ती स्वयंपाकघरातून आपणहून ओरडायची, "आई, खात्री केली बरं का!" बाईंना राग यायचा नाही, उलट मान थोडी ताठच व्हायची. ज्याला आपल्या कामाची खात्री नाही त्याने कामाला हात तरी कशाला लावावा, असं त्यांचं साधं मत होतं.

शहराचं पाणी लांबच्या तळ्यातून यायचं. वाटेत बारा पंपघरं होती. चौथ्या पंपघराच्या पुढे मोबाइल म्हणजे नुसतं घड्याळ. इंटरनेटचं तर नावच काढू नका. प्रत्येक पंपघरात एक म्हातारा कॉम्प्युटर तेवढा होता, रोजचे आकडे भरायला. नवे ऑपरेटर बाईंकडे सहा आठवडे शिकायचे, वर जायचे आणि महिन्याभरात निम्मं विसरायचे. विचारणार कुणाला? मग चुका व्हायच्या, पंप जळायचे आणि मुख्य इंजिनिअर साहेब बाईंच्या टेबलासमोर येऊन नुसते उभे राहायचे. ते काही बोलायचे नाहीत, पण बाईंना तेच जास्त लागायचं.

म्हणून या वर्षी बाईंनी पेनड्राइव्हचा बेत काढला. सून फोटो स्टुडिओत कामाला होती. तिने चार रविवार कॅमेरा घेऊन सरावाच्या शेडमध्ये घालवले आणि बाईंच्या हातांचे बारा धडे टिपले. चेहरा नाही, फक्त हात. कुठला व्हॉल्व्ह आधी, कुठला नंतर, किती फिरवायचा, कुठे थांबायचं. बारा उमेदवार, बारा पेनड्राइव्ह. महिन्यातून एकदा सुट्या भागांची गाडी वर जायची. ऑपरेटरने पेनड्राइव्हमध्ये आपल्या अडचणी बोलून भरायच्या, तो तिच्यातून बाईंकडे खाली यायचा, आणि पुढच्या फेरीला उत्तरांसकट परत वर जायचा. वर्ग सुटला तरी शिकवणं सुटणार नाही, अशी सोय.

साहेबांना हे खूळ वाटलं. "बाई, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही."

"खरंय साहेब. पण पडल्यावर काठावरून ओरडून सांगणारं कुणीतरी लागतं की नाही? ते कुणीतरी मी यात भरलंय."

धड्यांना नावं द्यायची वेळ आली तेव्हा सासू-सुनेची जुंपली. सून म्हणाली, "धडा एक, धडा दोन, एवढं पुरे." बाईंना ते पटेना. "पोराला हाक मारताना आपण मुलगा क्रमांक एक म्हणतो का?" म्हणून त्यांनी नावं सांगितली आणि सुनेने कपाळाला हात लावत टाइप केली. पहिल्याचं नाव, 'आधी बटणाला नाही, पंपाला हात लाव.' चौथ्याचं, 'हवा काढ, बुडबुडे थांबेपर्यंत हलू नकोस.'

"आई, हे फाइलीचं नाव आहे की भाषण?"

"नाव वाचूनच निम्मं काम झालं पाहिजे. तू लिही."

बाराव्या धड्याला मात्र बाई जरा अडखळल्या. मग म्हणाल्या, "लिही, 'भीती वाटली तर पहिल्यापासून.'" सुनेने वर पाहून टाइप केलं. कुणासाठी, ते तिला ठाऊक होतं.

ते होतं चिठ्ठीसाठी.

चिठ्ठी म्हणजे बाराव्या पंपघरावर नेमलेली उमेदवार. वय अठ्ठावीस. आधी सहा वर्षं खात्याच्या भांडारात बसून तिने पंपांचे बोल्ट आणि वॉशर मोजून दिले होते, आणि ते जातात कुठे हे तिने कधी पाहिलं नव्हतं. एकदा पाहायचं, नुसतं पाहायचं नाही तर चालवायचं, म्हणून तिने अर्ज केला. साहेब नाही म्हणाले होते. घाबरट आहे, हात थरथरतात. बाई म्हणाल्या, "हिची जबाबदारी माझी." हात हुशार होते तिचे, फक्त तिचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. म्हणून ती सगळं चिठ्ठ्यांवर लिहायची. सदऱ्याच्या खिशात, पाकिटात, चष्म्याच्या डबीत, सगळीकडे चिठ्ठ्या. एक दिवस सरावाचा पंप चालू करायचा होता आणि हिने गडबडीत पंप बंद करायची चिठ्ठी काढून ओळीने सगळं केलं. पंप काही चालू होईना. अख्खा वर्ग पोट धरून हसला.

बाईंनी त्याच दिवशी तिच्या सगळ्या चिठ्ठ्या जमा केल्या आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात घालून स्वतःच्या पिशवीत टाकल्या. "हे आता माझ्याकडे. तुला पेनड्राइव्ह मिळेल. बघ, ऐक, परत बघ. कागदावर पाणी पडलं की संपलं, यावर नाही." चिठ्ठीने डबा दिला खरा, पण देताना पोर सासरी पाठवावी तसा चेहरा केला होता.

सुनेने सगळे धडे ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये आत कुठेतरी नीट ठेवले आणि बाईंना शोधाशोध नको म्हणून पडद्यावरच बारा चित्रं मांडून दिली. दाबलं की धडा सुरू. पेनड्राइव्ह भरायच्या दिवशी तिला स्टुडिओत सुट्टी मिळेना. "थांबा आई, मी उद्या येऊन करून देते."

"चित्र उचलायचं आणि तिकडे टाकायचं, त्यात तू कशाला?"

बाईंनी चित्रं उचलली, पेनड्राइव्हमध्ये टाकली. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम झालं. बाई खूश. खात्याने पहिल्यांदाच बरा कॉम्प्युटर घेतला म्हणायचा! प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक छोटासा वाकडा बाण होता. सुनेने हौसेने काढला असेल, असं त्यांना वाटलं. मग त्या खात्री करायला बसल्या. एकेक पेनड्राइव्ह पुन्हा लावला, बाराच्या बारा धडे उघडून पाहिले, कागदावर एकशे चव्वेचाळीस खुणा केल्या. एकही धडा अडला नाही. शुक्रवारी दुपारी उमेदवार आपापल्या पंपघरी निघाले तेव्हा बाईंनी प्रत्येकाच्या गळ्यात पेनड्राइव्हची दोरी स्वतःच्या हाताने घातली.

रविवारी सकाळी त्यांनी तसाच भरलेला तेरावा पेनड्राइव्ह सुनेच्या हातावर ठेवला. "तुझी मेहनत आहे. तुझ्याकडे एक हवा."

सुनेने तो आपल्या लॅपटॉपला लावला. पहिला धडा दाबला. 'फाइल सापडत नाही.' दुसरा दाबला. 'फाइल सापडत नाही.' तिने धडे किती जागा व्यापतात तो आकडा पाहिला आणि हळूच म्हणाली, "आई, यात धडे नाहीयेत."

"नाहीत कसे? मी डोळ्यांनी पाहिलेत. एकशे चव्वेचाळीस वेळा."

"ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पाहिलेत ना? धडे त्याच्याच पोटात आहेत. तुम्ही उचलल्या त्या नुसत्या पाट्या, कोपऱ्यातला वाकडा बाण त्याचीच खूण. दुकान तिथे आणि पाटी इथे. तिथल्या तिथे पाटी दाबली की दुकान उघडतं. दुसरीकडे नेली की नुसतं नाव."

बाईंना समजायला क्षणही लागला नाही, सव्वीस वर्षं यंत्रांत गेली होती. त्या मटकन खुर्चीवर बसल्या. अकरा जणांची त्यांना तेवढी काळजी नव्हती. त्या पंपघरांवर जुने ऑपरेटर होते, आठवडाभर निभावून नेतील. बाराव्या पंपघरावर मात्र चिठ्ठी एकटी होती. पाइपलाइन धुवायला पाच दिवस सगळे पंप बंद होते आणि सोमवारी नऊ वाजता ते चालू व्हायचे होते. बाराव्यावर साहेब स्वतः उभे राहणार होते. खात्याचा नियमच होता, पहिला पंप नव्या माणसाने एकट्याने चालू करायचा. साहेब फक्त बघणार. एक पायरी चुकली की थांबवणार, आणि चिठ्ठी परत भांडारात, वॉशर मोजायला. तिथला टेलिफोन आठ दिवस बंद होता. तिच्याजवळ बाईंनी काय ठेवलं होतं? चिठ्ठ्या काढून घेतल्या आणि रिकामी दोरी गळ्यात घातली. जगाला खात्री शिकवणाऱ्या बाईंच्या दिव्याखाली हा असा अंधार.

"मी थांबा म्हटलं होतं," असं सून म्हणाली नाही. बाईंनी ते मनात नोंदवून ठेवलं. सुनेच्या लॅपटॉपमध्ये मूळ धडे होते. तिने तेरावा पेनड्राइव्ह पुसला आणि खरे धडे भरायला घेतले. या वेळी भरायला पंचवीस मिनिटं लागली. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकताना पाहून बाई म्हणाल्या, "तेव्हाच कळायला हवं होतं मला. एवढं सामान एका सेकंदात कधी चढतं का?"

सुट्या भागांच्या गाडीची या महिन्याची फेरी नेमकी सोमवारी होती. सकाळी सहाला त्या तिच्यात ड्रायव्हरशेजारी बसल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत पेनड्राइव्ह आणि बिस्किटांचा डबा.

"बाई, तुम्ही कशाला? दिला असता मी नेऊन," ड्रायव्हर म्हणाला.

"चूक माझी आहे. ती तुझ्या हाती कशी पाठवू?"

वाटेत कुठे थांबायचं नाही, असं ठरलं होतं. पण सातव्या पंपघराशी रस्त्यावर मोठा पाइप उतरवत होते आणि गाडी पाऊण तास तिथेच अडकली. बाईंनी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं. त्या मनातल्या मनात पंप चालू करत बसल्या. चिठ्ठी हवा काढायला विसरेल. विसरली नाही तर बुडबुडे थांबायच्या आधी घाबरून बटण दाबेल. ग्लँडमधून, म्हणजे पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो तिथून, थेंब थेंब पाणी पडायलाच हवं. ते बघून तिला गळती वाटेल आणि ती पाना घेऊन आवळत बसेल. साहेब हात वर करतील. संपलं.

बाराव्या पंपघरासमोर गाडी थांबली तेव्हा नऊ वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. बाई उतरल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

पंप चालू होता.

त्यांनी कान दिला. पंपात हवा राहिली असेल तर आत खडे घोळवल्यासारखा आवाज येतो. तो आवाज नव्हता. भोवऱ्यासारखा एकसुरी, भरलेला आवाज होता, बाईंना झोपेतही ओळखू येणारा. साहेबांनी केला असेल चालू, त्यांच्या मनात आलं. मग त्या आत गेल्या.

साहेब दोन्ही हात मागे बांधून उभे होते, आणि ते बांधलेले हात स्वच्छ होते. चिठ्ठी पंपाशी होती. तिचे हात कोपरापर्यंत तेलकट, नजर दाब दाखवणाऱ्या गेजच्या काट्यावर. ग्लँडमधून थेंब पडत होते आणि पाना भिंतीवर टांगलेला होता.

"या बाई," साहेब म्हणाले. "मी शब्द मागे घेतो. एक पायरी चुकली नाही. मध्ये एकदा थबकली, हात कापायला लागले. मी म्हटलं गेली आता. तर हिने सगळं सोडलं आणि पुन्हा पहिल्यापासून केलं. तुमचं ते खूळ भलतंच कामाचं निघालं की."

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे एक मोठा कागद चिकटवला होता, चिठ्ठीच्या बारीक अक्षरात. बारा ओळी. 'आधी बटणाला नाही, पंपाला हात लाव.' 'तेल बघ, मग परत बघ.' 'आत येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघड.' 'हवा काढ, बुडबुडे थांबेपर्यंत हलू नकोस.' असं करत करत शेवटी, 'भीती वाटली तर पहिल्यापासून.'

बाईंनी ओळी वाचल्या. पाट्या! दुकान आलं नव्हतं, पण पाट्या आल्या होत्या, आणि पोरीने त्यावरच संसार मांडला होता.

चिठ्ठी हात पुसत आली. एवढी ताठ ती बाईंना कधी दिसली नव्हती. "बाई, बाकीच्यांना तुम्ही धडे दिलेत आणि मला मुद्दाम चिठ्ठी दिलीत ना? मी उघडून बघितलं तर नुसती नावं. आधी रडूच आलं. मग लक्षात आलं, बाईंनी माझ्या सगळ्या चिठ्ठ्या घेतल्या आणि त्यांची एकच करून परत दिली. मला पाठ होईल अशी. माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं."

साहेब कौतुकाने बघत होते. बाईंनी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. मान हलवायलाही नको, गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. पोरगी खूश, साहेब खूश, सव्वीस वर्षांचं नाव जागच्या जागी. खरं सांगायचं तर मान अर्धी हललीसुद्धा. पण समोर ती पोर उभी होती, आणि उद्यापासून ती इथे एकटी असणार होती. चुकली तर तिला बघणारं कुणी नाही. चूक झाल्यावर काय करायचं, हे तिने कुणाकडून शिकायचं?

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. पंपाच्या आवाजात ते ऐकू गेलं नसेल असं वाटून त्यांनी पुन्हा मोठ्याने म्हटलं. "मी मुद्दाम काही केलं नाही. कुणालाच धडे गेलेले नाहीत. मला कॉपी करता आली नाही, आणि करता येत नाही हे मला कळलं नाही. माझ्याच कॉम्प्युटरवर तपासत बसले. एकशे चव्वेचाळीस वेळा."

बाईंचं लक्ष साहेबांकडे नव्हतं. चिठ्ठीचा चेहरा उतरला होता. पंप चालू केल्याचा आनंद होता तिथेच होता, पण ती जे दुसरं काही जपून बसली होती ते बाईंनी आत्ता तिच्या हातातून काढून घेतलं होतं. बाईंना ते डबा काढून घेतल्यापेक्षाही वाईट वाटलं.

त्यांनी पिशवीतून पेनड्राइव्ह काढला आणि तिच्या हातात दिला. मग भिंतीपाशी जाऊन कागदाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "अकरा ओळी सगळ्यांसाठी होत्या. ही नाही. ही लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तूच होतीस. विचार माझ्या सुनेला. ही चुकून आलेली नाही."

चिठ्ठीने ओळ वाचली. पाठ असूनही पुन्हा वाचली. मग नाक ओढून म्हणाली, "मग बाई, तेरावा धडा करायला हवा."

"कसला?"

"तुम्ही जिथे चुकलात त्याचा."

साहेब पहिल्यांदाच खळखळून हसले. बाई म्हणाल्या, "कर. पण कॅमेरा तू धर." चिठ्ठीने आपला मोबाइल काढला, बाईंना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि त्यांच्याच तोऱ्यात बजावलं, "पडद्याकडे बघा, माझ्याकडे नको." बाईंनी आधी चुकीचं करून दाखवलं, त्या वाकड्या बाणासकट. मग बरोबर काय ते दाखवलं. बोलताना बाई एकदा अडखळल्या, ते चिठ्ठीने कापलं नाही. धडा पेनड्राइव्हमध्ये चढवला आणि कुणालाही न विचारता त्याला नाव दिलं, 'दुसऱ्याच्या मशीनवर उघडून बघ.'

बाराव्याच्या कॉम्प्युटरमध्ये सगळे धडे उतरवून झाले आणि गाडी परत निघायला तयार झाली. याच एका पेनड्राइव्हवरून अकरा पंपघरांच्या कॉम्प्युटरमध्ये सगळे धडे उतरवायचे आणि तो पुढच्या फेरीला वर परत यायचा, असं ठरलं. बाईंनी दोरी गळ्यात घातली आणि उठल्या. चिठ्ठी दारात आडवी उभी राहिली.

"खात्री केलीत?"

बाई थांबल्या. साहेबांनी स्वतःचा लॅपटॉप टेबलावर ठेवला. चिठ्ठीने पेनड्राइव्ह लावला आणि तेरावा धडा दाबला. क्षणभर पडदा काळाच राहिला. मग त्या काळ्यातून बाईंचे हात उजळत वर आले, आणि पंपाच्या आवाजावर चढत बाईंचाच आवाज खोलीभर खणखणीत झाला, "चुकलं माझं. आता बघा, नीट कसं करायचं."